आवाज न करता

आईचं नाव नरमंदाख. म्हणजे सूर्योदय.
ती घरी यायची उजाडायच्या आधी,
रात्रभर इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करून,
बोटांच्या पेरांत वाफेचा वास घेऊन.
अंगणात उभी राहून चहाचा पहिला पळा
आभाळाला उडवायची,
मग बूट काढायची,
आणि सूर्योदय भिंतीकडे तोंड करून झोपून जायचा.

डोळे मिटतामिटता एकच सांगायची :
काय हवं ते करा. फक्त आवाज नको.

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीच्या अंगावर
आमचं लाकडी घर. खोली एक, चूल एक, खिडकी एक.
त्या हिवाळ्यात धुरामुळे शाळा बंद.
मी नऊ वर्षांची, तेमूलेन पाच,
आणि दुपारपर्यंतचा वेळ
गाभण मेंढीसारखा, ढकलला तरी हलेना.

पहिल्या दिवशी आम्ही भांडलो.
कुजबुजत केलेलं भांडण
फार वेळ टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी चमचा सापडला.
चुलीच्या कडेवर तापवायचा,
फडक्यात धरायचा,
काचेवर आतून साचलेल्या हिमाला पाठीकडून टेकवायचा.
चुर्र.
एवढा आवाज चालतो, आम्ही ठरवलं.
काचेत एक डोळा उघडायचा.
त्यातून गानसुख काकांचा कुत्रा,
पाण्याचा हातगाडा ओढणारी दोन मुलं,
आणि धूर, धुरामागे धूर.
तेमूलेन नखानं डोळ्यांना पापण्या काढायचा.
अकराच्या सुमाराला खिडकी
सगळ्या डोळ्यांनी रडायला लागायची,
आणि खालचं फडकं पिळायचं काम
अर्थात माझ्याकडे.

शगाय होते चौतीस, मेंढीच्या घोट्याची हाडं.
कडेवर उभं राहिलं तर घोडा नाहीतर उंट,
आडवं पडलं तर मेंढी नाहीतर बोकड.
फेकले तर खडखडणार,
म्हणून नमद्यावर एकेक हातानं मांडायचे.
नशीब आमच्याच हातात आल्यावर काय,
सगळे घोडेच.
चौतीस घोडे नमद्यावर उभे,
आणि तेमूलेन एकदम गंभीर :
आता खायचं काय?
बराच विचार करून
त्यानं सात घोडे आडवे केले.

कधी आई कणकेचा गोळा झाकून ठेवायची.
तो नाकं करायचा. नुसती नाकं.
बसवाल्याचं, बाईंचं, एक सर्दी झालेलं.
संध्याकाळी ती तळली जायची,
आणि आम्ही ओळखीची नाकं
आधी खायचो.

पण मला आठवतो तो एक दिवस,
जेव्हा काहीच सुचत नव्हतं,
चमचा हरवलेला, कणीक नव्हती,
आणि मी चिडून म्हणाले :
मग आवाजच काढ!
तोंडानं नाही. पेन्सिलीनं.

कॅलेंडरचं पान उलटं करून तो पालथा पडला.
चूल तडकली, त्यानं टिंब दिलं.
कुत्रा भुंकला, तीन टोकदार दात.
बाहेर गाडा गेला, एक लांब खरवड.
मग पेन्सिल थांबली.
तो ऐकत राहिला,
जीभ दातांत धरून, बराच वेळ,
आणि कागदाच्या डाव्या कडेपासून
एक रेघ निघाली,
हळू वर, हळू खाली,
हळू वर, हळू खाली.

आई उठली तेव्हा कागद तिच्या पायाशी होता.
केस बांधताबांधता तिनं पाहिलं.
हे डोंगर कुठले रे?
डोंगर नाहीत, तो म्हणाला, तू आहेस.
झोपलेली.

आणि हा सुळका? मध्येच?

इथे तू खोकलीस.

आई काही बोलली नाही.
चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं, मीठ टाकलं,
दूध ओतलं, पळ्यानं उंचावरून ढवळत राहिली.
मग पाठमोरीच म्हणाली :
चमचा काळा कोणी केला?
पलंगाखाली मिळालाय मला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.
आवाज न करता.